मदत हवी आहे: बायकोचा सिबिल स्कोअर (कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण) शून्यापासून कसा उभा करायचा?

बायको घरी शिकवण्या घेते, महिना १५-१८ हजार. आजवर कर्ज नाही, कार्ड नाही. सिबिल रिपोर्टमध्ये स्कोअरच्या जागी 'एनएच' येतंय. दोन वर्षांनी दोघांच्या नावे गृहकर्ज घ्यायचंय. माझ्या क्रेडिट कार्डावर तिला अ‍ॅड-ऑन कार्ड (माझ्याच खात्यावरचं जोडकार्ड) काढून दिलं तर भागेल का?

प्रतिसाद १
नाही भागणार. अ‍ॅड-ऑनचा खर्च आणि परतफेड मूळ कार्डधारकाच्या, म्हणजे तुमच्याच नावावर नोंदली जाते. अमेरिकेतले नातेवाईक हा सल्ला हमखास देतात, कारण तिकडे तशी नोंद होते.
'एनएच' म्हणजे स्कोअर वाईट नव्हे, इतिहासच नाही. तिच्या नावाने एफडी करा आणि त्यावर कार्ड मागा. उत्पन्नाचा पुरावा सहसा लागत नाही. २५ हजारांच्या एफडीवर २० हजारांच्या आसपास मर्यादा मिळते. त्याआधी पॅन आणि आधार शेजारी ठेवून नाव ताडून बघा. पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या, असं असेल तर केवायसी तिथेच अडकते.

प्रतिसाद २
कार्डावर महिन्याला ४-५ हजारच खर्च करा: वीजबिल, किराणा. ब्यूरोकडे (सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) सहसा स्टेटमेंटमधली बाकी जाते. २० हजारांच्या मर्यादेतले १८ हजार वापरून ड्यू डेटला पूर्ण भरले तरी रिपोर्टमध्ये ९० टक्के वापर दिसतो, आणि तो स्कोअरला मारक. मोठी खरेदी झालीच तर स्टेटमेंट निघायच्या आधी भरून टाका. ऑटो-डेबिटला 'टोटल अमाउंट ड्यू' (पूर्ण बिल) निवडा. 'मिनिमम'वर (बिलातली किमान रक्कम) राहिलं तर हप्ता चुकल्याची नोंद होत नाही, पण उरलेल्या रकमेवर महिना ३ टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं.

धागाकर्ता
एफडीचे पैसे मी दिले तर?

प्रतिसाद १
चालतं, पण त्याचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल. तिच्या फीमधूनच केलेली बरी. आणि खरी अडचण पुढे आहे: स्कोअर झाला तरी बँक तिचं उत्पन्न कशावरून धरणार? फी रोख न घेता तिच्या खात्यात घ्या, आणि कर लागत नसला तरी यंदापासूनच आयकर रिटर्न भरा. स्वतःचा व्यवसाय असला की बँका किमान दोन वर्षांची रिटर्न मागतात.

प्रतिसाद २
स्कोअर दिसायला साधारण सहा महिने लागतात. तोवर चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद राहते. स्वतः रिपोर्ट बघितल्याने मात्र स्कोअर उतरत नाही. आणि गृहकर्जाची रक्कम हातात पडेपर्यंत हे कार्ड बंद करू नका, एफडीही मोडू नका.