जीना मिलर आणि ‘धंदा करा, गप्प बसा’वाले

लीड्सकर:
काल इथे एका पोस्टवर धडाधड लाइक पडले: ‘गयानाहून आलेली एक श्रीमंत फंडवाली बाई ब्रेक्झिटच्या १ कोटी ७४ लाख मतदारांना कोर्टात खेचते. परक्या देशात धंदा करावा, पैसा कमवावा, राजकारणात नाक खुपसू नये.’ दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

जीना मिलरबाईंनी ब्रेक्झिट अडवलं नाही, संसदेला विचारायला लावलं. कलम ५० ची, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघ सोडतोय अशी, नोटीस पंतप्रधान परस्पर देऊ शकतात का, एवढाच प्रश्न होता. २४ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालय ८ विरुद्ध ३ ने म्हणालं, नाही, आधी संसद. संसदेने होकार दिला आणि मार्चअखेर नोटीस गेलीसुद्धा. २०१९ मध्ये पंतप्रधान जॉन्सननी संसद पाच आठवडे गुंडाळून ठेवली तेव्हा बाई पुन्हा कोर्टात. या खेपेला ११ पैकी ११ न्यायाधीश तिच्या बाजूने. ब्रेक्झिट तरी झालंच ना?

आणि परकी कशी? १९६५ चा जन्म, तेव्हा गयाना ब्रिटिशांचीच वसाहत. दहाव्या वर्षी इंग्लंडमधल्या ईस्टबर्नच्या बोर्डिंगमध्ये टाकली. घरचे पैसे यायचे बंद झाले तेव्हा शाळकरी वयात हॉटेलच्या खोल्या साफ केल्या. पुढे नवऱ्याबरोबर २००९ मध्ये गुंतवणूक कंपनी काढली आणि आपल्याच धंद्यातल्या छुप्या चार्जेसवर मोहीम उघडली. आणि ब्रेक्झिटच्या खटल्याचं बक्षीस काय, तर एका उमरावाने फेसबुकवर लिहिलं, हिला गाडीखाली घालणाऱ्याला ५ हजार पौंड. तो १२ आठवड्यांसाठी आत गेला. त्याचं आणि कालच्या पोस्टचं म्हणणं एकच, भाषा तेवढी वेगळी.

रोखठोक_राजा:
पोस्ट माझी होती. मला थेट त्या उमरावाच्या शेजारी बसवलंत, आभारी आहे.
खोल्या साफ केल्याची गोष्ट सगळे सांगतात, वडील पुढे गयानाचे ॲटर्नी जनरल झाले हे कोणी सांगत नाही. कोर्टात जायला पैसा लागतो साहेब. माझ्या काकांचा बांधाचा दावा बावीस वर्षं चाललाय, त्यांना कोण उभं करतं सर्वोच्च न्यायालयात? आणि लोकांचा एवढा कळवळा होता तर २०२४ ला स्वतःचा ‘ट्रू अँड फेअर’ पक्ष घेऊन एप्सममधून उभी राहिली तेव्हा काय झालं? अनामत गेली.

स्लाऊची_मावशी:
अनामत गेली म्हणजे खटला चुकीचा ठरला? आपल्याकडे अनामत गेलेले किती भले लोक दाखवू?
बाकी मी २०१६ च्या ब्रेक्झिट जनमतात ‘लीव्ह’लाच, म्हणजे बाहेर पडायलाच, मत दिलं होतं, भारतीय पासपोर्टवर. कॉमनवेल्थवाल्यांना होता तो हक्क. प्रचारात सांगत होते, युरोपवाले कमी झाले की आपल्या आचाऱ्यांना व्हिसा मिळतील. आमच्या ह्यांचं रेस्टॉरंट होतं. व्हिसाची वाट बघता बघता ते विकलं.

रोखठोक_राजा:
म्हणजे मावशी, नागरिकत्व नसताना तुम्ही त्यांच्या देशाचं भवितव्य ठरवलंत, आणि वर मला शिकवताय!

लीड्सकर:
तीस वर्षं तिथे राहिलेल्या पोलिश माणसाला, ब्रिटिश नागरिकत्व घेतलं नसेल तर, मत नव्हतं. मावशींना होतं. नियम ब्रिटिशांच्याच संसदेचा. राग त्या संसदेवर काढा.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
लंडनला आपला कोणी कौन्सिलर झाला की इथे पेढे. कल्याणात उत्तर भारतीय नगरसेवक झाला की ‘आक्रमण’. एकदा काय ते ठरवा.

बेळगावचा_बंड्या:
भाषा शिका म्हणतो आम्ही, निवडणूक लढवू नका असं कुठे म्हणतो? जीना मिलर इंग्रजांशी इंग्रजीतच भांडली ना? आमच्या सोसायटीच्या सभेत मी मराठीत बोललो तर सेक्रेटरी म्हणतो ‘हिंदी में बोलो’. ठाण्यात! इतिवृत्तही हिंदीत.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
आणि लंडनजवळच्या स्लाऊच्या रस्त्यावर आपले ढोल वाजतात ते इंग्रजीत का?

बेळगावचा_बंड्या:
ढोलावर येऊ नका. सांगून ठेवतो.

स्लाऊची_मावशी:
पथकात माझी मुलगी आहे. परवानगी काढून वाजवतात, पाचच्या ठोक्याला बंद. तुमच्या डोंबिवलीत होतं का बंद?

जुना_जाणता:
१९९९ विसरलात वाटतं सगळे. सोनिया गांधींच्या विदेशी मुळाच्या मुद्द्यावर पवार, संगमा, तारिक अन्वर यांना काँग्रेसमधून काढलं, त्यांनी राष्ट्रवादी काढली. त्याच वर्षी महाराष्ट्रात त्याच काँग्रेसबरोबर सरकारही बसवलं. मूळ-बिळ जागावाटपापर्यंतच असतं.

बेळगावचा_बंड्या:
आला! ह्यांना प्रत्येक धाग्यात पवार लागतात.

जुना_जाणता:
तुम्हाला प्रत्येक धाग्यात सोसायटीचा सेक्रेटरी लागतो तसे.

लीड्सकर:
कुठे नेऊन ठेवलाय धागा माझा? जीना मिलरबद्दल कोणाला काही बोलायचंय का?

रोखठोक_राजा:
मला. ११-० वर मी काही म्हणत नाही. अकरा न्यायाधीश एकदम खुळावले असं म्हणायला पुरावा नाही माझ्याकडे, त्यामुळे तेवढं तुमचं. पण ज्याच्या खिशात वकिलाची फी आहे त्यालाच लोकशाही वाचवता येते, हे मला पटत नाही, मग ती बाई गयानाची असो की गडहिंग्लजची.

लीड्सकर:
हे काल लिहिलं असतंत तर मीच लाइक दिला असता. काल तुम्ही ‘परकी’ लिहिलं होतं.

रोखठोक_राजा:
लिहिलं होतं. खोडणार नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
बंड्याभाऊ, इतिवृत्त हिंदीत लिहितात तर तुम्ही का नाही होत सेक्रेटरी?

बेळगावचा_बंड्या:
वेळ कुणाला आहे?