युवा कार्यक्रम: लेक्चर नको, ढोल प्रॅक्टिसच्या आधीची १५ मिनिटं द्या

प्रेषक: मीनल (युवा कमिटी)

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारी म्हणजे इथे अमेरिकेत टीन डेटिंग व्हायोलन्स अवेअरनेस मंथ, म्हणजे टीनएजर पोरांच्या डेटिंगमधली मारहाण आणि धाक यावर बोलायचा महिना, २०१० पासून पाळतात. कमिटीत ठरत होतं की एखादा वक्ता बोलवायचा, तासभर लेक्चर, मग पिझ्झा, झालं. मला नाही पटत. लेक्चरला आपली पोरं मागच्या रांगेत फोन घेऊन बसतात हे दिवाळीत बघितलंच की आपण. नॉर्थ कॅरोलिनात सेफ डेट्स म्हणून प्रोग्रॅम केला होता, आठवी-नववीच्या मुलांसाठी वर्गात १० सेशन, शिवाय मुलांचं नाटक आणि पोस्टर स्पर्धा, त्याने डेटिंगमधली मारहाण कमी झाल्याचा फरक ४ वर्षांनी पण दिसत होता. सॅक्रामेंटोत तर हायस्कूलच्या कोचनीच आठवड्याला १५ मिनिटं टीममधल्या मुलांशी बोलायचं, मैत्रिणीचा फोन चेक करणं, लॉकर रूममधली घाण बडबड, असल्या गोष्टींवर. आपल्याकडे कोच नाहीत पण ढोल-ताशा पथक आहे ना! त्यातल्या दादांनीच प्रॅक्टिसच्या आधी १५ मिनिटं पोरांशी बोलावं. ताशावाल्या दादाचं ही पोरं जेवढं ऐकतात तेवढं माझं घरात कोणी ऐकत नाही :)

प्रेषक: शिरीष

मीनल, हेतू चांगला आहे पण स्पष्ट बोलतो. आपल्या घरांत डेटिंगच चालत नाही तर व्हायोलन्स कुठून येणार? नसतं खूळ पोरांच्या डोक्यात कशाला भरायचं? शाळा आहे ना त्यासाठी.

प्रेषक: मीनल

काका, शाळा शिकवते, न्यू जर्सीत २०११ च्या कायद्याने सातवी ते बारावीच्या हेल्थ क्लासमध्ये हा विषय घ्यावाच लागतो. सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या सर्व्हेत डेट करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांत साधारण १२ पैकी एकाने मारहाण सोसल्याचं सांगितलंय, त्यात आपली नसतील असं कशावरून? शाळेत सांगतात विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला. पण आपल्या पोरीला मार खाल्ला हे सांगायच्या आधी बॉयफ्रेंड आहे हे सांगावं लागतं, आणि मग मार राहतो बाजूला, बॉयफ्रेंड केलासच का यावरच घर पेटतं. समोरच्या मुलाला हे बरोब्बर माहीत असतं. "सांगू का तुझ्या आईला?" एवढं म्हटलं की पुरे, पासवर्ड दे, लोकेशन ऑन ठेव, फोटो पाठव. म्हणजे धाक आपला आणि फायदा त्याचा. डेटिंगला परवानगी द्या असं मी म्हणतच नाहीये, घरी सांगितलं तर आधी पोरीची बाजू घेतली जाईल एवढं तिला माहीत हवं. मुलांच्या बाबतीत पण हेच, मुलगे तर अजिबात तोंड उघडत नाहीत.

प्रेषक: तन्वी

हाय सगळ्यांना, मी मराठी शाळेची जुनी स्टुडंट, आता कॉलेजला. मीनलमावशीला +१. हायस्कूलमध्ये एका मैत्रिणीला गरब्याला दर पाच मिनिटांनी मेसेज यायचे, कुणाबरोबर आहेस, सेल्फी पाठव, आणि आम्ही बाकीच्या "किती केअर करतो" म्हणून हसायचो. कोणाला ते वायलन्स वाटलंच नाही.
अजून एक, न्यूयॉर्कच्या मिडल स्कूल्समध्ये मुलांना शाळेचा नकाशा देऊन कुठे अनसेफ वाटतं ते रंगवायला लावलं, आणि तिथे स्टाफ उभा केला, पोस्टर लावले. वर्गातले धडे न घेता नुसतं एवढं केलं तिथे पण त्रास कमी झाला. आपण गणपतीला जी शाळा भाड्याने घेतो तिचा नकाशा मी आणते. जिममागचा जिना आणि पार्किंगचं टोक मी आत्ताच लाल करून देऊ शकते, नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला की तिथे एकही मोठा माणूस नसतो.

प्रेषक: शिरीष

जिन्यापाशी मी उभा राहीन, नाटक दरवर्षी तेच असतं नाहीतरी. पण पथकातल्या दादांना कोण शिकवणार? तेच विशीतले, उगाच काहीतरी बोलून बसतील.

प्रेषक: मीनल

बरोबर आहे काका, त्यांना आधी तयार करायलाच हवं. मानवी ही संस्था १९८५ पासून न्यू जर्सीत आपल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, त्यांना विचारते कोणी येऊ शकेल का. तोवर लव्ह इज रिस्पेक्ट या टीनएजर पोरांसाठीच्या डेटिंग व्हायोलन्स हेल्पलाइनचा नंबर १-८६६-३३१-९४७४ दोन्ही बाथरूमच्या दारांना आतून चिकटवू, बाहेर बोर्डावर लावला तर कोण उभं राहून टिपून घेणार? पोरांची ती १५ मिनिटं चालू असताना मोठ्यांचा ग्रुप कॅफेटेरियात बसेल, चहा माझ्याकडून. रविवारी कोण कोण येतंय ते रिप्लाय ऑलच करा, मला एकटीला मेल नको.