अडीच-पावणेतीन वर्षांचं मूल पानावर टिकत नाही: सुरुवात कुठून करायची?

चिमणचारा:
मुलगी २ वर्षं ८ महिन्यांची. वजन ठीक, हातानं नीट खाते. पण दोन घास झाले की खुर्चीवरून उतरते, सोफ्याला फेरी मारून येते, आ करते आणि पुन्हा पळते. जेवण पाऊण तास चालतं, शेवटचे घास आजी वाटी घेऊन मागे फिरत भरवतात. डायनिंग टेबल नेहमीचं, ३० इंची. खुर्चीवर दोन उश्या ठेवून बसवतो. सहाला दूध-बिस्किट, नऊला सगळ्यांचं एकत्र जेवण. बालवाडीत मात्र डबा संपेपर्यंत जागची हलत नाही, असं ताई सांगतात. या वयात किती वेळ बसण्याची अपेक्षा ठेवावी?

पाटपाणी:
बालवाडीत बसते म्हणजे बसता येतं. तिथे सतरंजी असते किंवा बुटकी खुर्ची, पाय टेकलेले असतात. तुमच्याकडे पाय लोंबकळतात आणि खाली मऊ उशी. तोल सावरण्यातच निम्मं लक्ष जातं, मग मूल आधी गुडघ्यांवर बसतं, मग घसरतं, मग उतरतं. पाय ठेवायला दांडी नसलेल्या उंच स्टुलावर मोठ्या माणसानं दहा मिनिटं बसून बघावं, तीही चुळबुळायला लागतात.

टेप घेऊन बसा. टेबल ३० इंच, खुर्चीची बैठक साधारण १८. कोपर काटकोनात वाकवला की तो टेबलाच्या पातळीला किंवा बोटभर वर आला पाहिजे. या वयाला त्यासाठी बैठक टेबलाच्या पृष्ठभागापासून ६-७ इंच खाली लागते, म्हणजे खुर्चीवर अजून ५-६ इंच उंची हवी. ती उशीनं देऊ नका, उशी दबते आणि सरकते. पट्ट्यांनी खुर्चीला आवळता येणारी बूस्टर सीट घ्या आणि मुलीचा पट्टाही रोज लावा. मग पाय: बैठकीपासून साडेआठ-नऊ इंच खाली, पूर्ण तळवा टेकेल अशी फळी. सुतार खुर्चीच्या पुढच्या पायांना ती ठोकून देतो. सुटं स्टूल ठेवू नका, मूल त्याला रेटा देतं आणि खुर्ची मागे कलंडते. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक खोलही असते, त्यामुळे पाठ टेकवली की पाय सरळ पुढे येतात. गुडघे कडेवर वाकले पाहिजेत, तेव्हा पाठीमागे कडक आधार हवा.

एवढा खटाटोप नको असेल तर खाली बसा. दोन इंची पाट, समोर आठेक इंचांचा चौरंग, त्याच्या पायांमध्ये मांडी मावली पाहिजे. ताट थेट जमिनीवर ठेवलं तर लहान मूल इतकं वाकतं की भात तोंडापर्यंत पोचत नाही. आणि मोठेही खालीच बसा. ती एकटी खाली आणि बाकीचे टेबलावर, हे एक दिवसही चालत नाही.

ताट फिरत असेल तर खाली ओला पंचा पिळून अंथरा.

वाटीचमचा:
खुर्ची नीट झाली तरी नऊची वेळ मोडते. त्या वयाची बरीच मुलं नऊला झोपेला आलेली असतात, आणि पेंगुळलेलं मूल शांत बसत नाही, उलट जास्त धावतं. तिचं जेवण सव्वासात-साडेसातला घ्या. त्यासाठी सहाचं दूध-बिस्किट साडेचारला ओढा. खाण्याच्या दोन वेळांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. चुरमुरे नाहीत, बिस्किटाचा तुकडाही नाही. दिवसभरात दूध ४००-५०० मिलीच्या वर जाऊ देऊ नका. जास्त दुधानं पोट भरलेलं राहतं आणि शरीरात लोहही कमी पडतं.

"मग एकत्र जेवण कसं होणार?" सगळं घर लागत नाही. एका मोठ्या माणसानं स्वतःचं पान वाढून, खरोखर जेवत, तिच्यासमोर बसायचं. नुसतं समोर बसून "खा, खा" म्हणणं म्हणजे पहारा. सगळ्यांची पंगत सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवा, तेव्हा ती ताजी असते.

वेळेचं म्हणाल तर या वयात दहा मिनिटं चांगली. चार वर्षांला पंधरा, पाचाला वीस. पहिल्या आठवड्यात पाचच मिनिटांचं लक्ष्य ठेवा. ही मिनिटं ती टेकली की सुरू होतात, हे विसरलं जातं. वाफाळता वरणभात समोर ठेवून फुंकर मारत बसलात तर बसण्याची सगळी ताकद निवण्याची वाट बघण्यात संपते. म्हणून वाढून, निववून, मगच हाक मारा. पहिलं वाढणं पाव पोळी, दोन चमचे भात, चमचाभर भाजी एवढंच. भरलेलं ताट बघूनच मूल उठतं. कमी पडलं तर मागेल.

टीव्ही बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेसुद्धा. साडेसातची मालिका आड येणार असेल तर जेवण सातला करा, मालिकेशी भांडू नका.

पंगत_पहिली:
वरचं दोन-तीन दिवस लावलं की मग नियम. आधी नियम लावलात तर तुम्ही तिला अवघड खुर्चीवर, अर्ध्या भुकेनं बसायची शिक्षा देताय.

क्रम रोज तोच ठेवा. पाच मिनिटं आधी सांगायचं: "हा मनोरा झाला की जेवायचं." मग हात धुणं, मग तिचं एक काम, चमचे मांडणं किंवा स्टीलचे पेले ठेवणं. मग बसणं. घरात श्लोक म्हणत असाल तर उत्तम, सुरुवात झाली हे मुलाला त्यावरून कळतं.

उठली की एकदाच, साध्या आवाजात: "जेवताना बसायचं. उठलीस तर जेवण झालं." परत बसली तर विषय संपला. दुसऱ्यांदा उठली की ताट उचला. रागावणं नाही, समजावणं नाही, "बघ, मी सांगितलं होतं" तर मुळीच नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रकार वाढेल. आजवर पळालं की वाटी मागे यायची. ती येईना म्हटल्यावर मूल आणखी लांब पळून, ओरडून बघतं. नेमक्या त्या दिवशी कुणी घास घेऊन मागे गेलं तर ती शिकते की चार दिवस नेट लावला की वाटी येते. त्यापेक्षा नियम सुरूच न केलेला बरा.

चिमणचारा:
खुर्चीचं आजच मोजते. पण ताट उचललं आणि रात्री उपाशी झोपली तर? आजींना हे पटणं अवघड आहे.

पंगत_पहिली:
उपाशी झोपवायचं नाही. झोपायच्या अर्धा तास आधी एक साधं, ठरलेलं खाणं ठेवा: अर्धा कप दूध किंवा अर्धं केळं. ती जेवली असो वा नसो, रोज तेच आणि तेवढंच, तेही बसूनच. जेवली नाही म्हणून जास्त नाही, जेवली म्हणून बक्षीस नाही. ताट उचलल्यावर दहा मिनिटांत लाडू हातात आला तर मात्र सगळं फुकट.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची कामाची वाटणी इथे उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलानं. आजींना ही भाषा परकी वाटेल, तर त्यांना काम द्या. चिऊ-काऊचे घास बंद करायचे नाहीत, फक्त ते चालायचे थांबवायचे. वरणभाताचे सुपारीएवढे मऊ मुटके करून ताटाच्या कडेनं मांडा. हा चिऊचा, हा काऊचा. आजी समोर बसून गोष्ट सांगतील, उचलायचं काम मुलीचं. ती उठली की गोष्ट तिथेच थांबते. हे आजींना "भरवू नका" म्हणण्यापेक्षा लवकर पटतं.

वाळूघड्याळ:
पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवलं तर? मुलांना वेळ दिसतो.

वाटीचमचा:
चार-पाच वर्षांना चालेल. पावणेतीनला ते खेळणं होतं. उलटंपालटं करण्यात जेवण राहतं, आणि वाळू संपली की भूक असली तरी मूल उठतं.

पाटपाणी:
पळत खाण्यातला धोका कुणी लिहिला नाही. तोंडात घास असताना धावलं, हसलं, पडलं की तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. आजींना नियम पटवायला हे कारण सगळ्यात सरळ आहे. चार वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या नकोत. शेंगदाण्याचं कूट चालतं. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा, मग मागून बेंबीच्या वर पाच झटके, हे आलटून पालटून. दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा. न दिसणारा घास काढायला तोंडात बोट घालू नका, तो आत ढकलला जातो.

चौरंग:
दोन गोष्टी राहिल्या. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे दर वेळी तिसऱ्या-चौथ्या घासाला उठून कोपऱ्यात जात असेल किंवा पाय आवळत असेल तर तो हट्ट नाही, शी लागलेली असते. जेवणाआधी दोन मिनिटं पॉटवर बसवा, आणि या उठण्याला ताट उचलायचा नियम लावू नका. बद्धकोष्ठ असेल तर आधी तो बरा करा.

दुसरं, वजन अडलंय, वारंवार ठसका लागतो, दाणेदार अन्नाला उमासे येतात, किंवा खाण्यातले पदार्थ एकेक करून कमी होताहेत, यातलं काही दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना तीन दिवसांची वही न्या: काय खाल्लं, किती वाजता, किती मिनिटं बसली. दुधाचे कपही लिहा, ते हमखास राहतात.