खाणीवरचं रान बघा, पण शेजारचं शेतही बघा

वाळवंटीकाठ:
परवा इथे कुणी गोव्यातल्या साखळी गावच्या बंद लोहखनिज खाणीवरल्या रानाचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘एका गाडीचा आवाज नाही. लोक खाणींच्या नावाने उगाच बोंब मारतात.’ फोटो सुंदर आहेत. मीही जाते तिथे. बांबूची बनं, फुलपाखरं, जुन्या पिटात, म्हणजे खाणीच्या खड्ड्यात, सोडलेले मासे, सगळं खरं. नव्वदच्या दशकात तिथलं खनिज संपलं, मग लोकांनी कष्टाने ते रान उभं केलं. पण ती एक खाण झाली. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथल्या बाकीच्यांचं काय? टनभर खनिजामागे दोन-तीन टन माती बाहेर पडते. तिचे डंप, म्हणजे डोंगराएवढे ढीग, पावसात खाली येतात. माझ्या मामाच्या शेतात भाताचा तरवा लावायला वाकलं की कोपरापर्यंत लाल गाळ, खालची मूळ माती हाताला लागतच नसे. आता ते शेत पडीक आहे. त्याचे फोटो कोण टाकणार?

पर्वरीकर:
ते फोटो माझेच. रविवारी मुलांना घेऊन दोन तास शांत फिरलो, त्यात मी कुणाचं काय बिघडवलं? चांगलं झालेलं चांगलं म्हणायचंच नाही का?

रानवाटा:
फिरा हो, पण बाहेरून आणून डंपांवर लावलेल्या त्या अकेशियाच्या झाडांना तरी जंगल म्हणू नका. आमच्या गावच्या डंपावर या आणि टाचेने पाचोळा बाजूला करा. वर न कुजलेल्या पानांचा थर, खाली बोटभर माती, त्याखाली लाल खडी. माट्टी, किंदळ ही इथली झाडं नाहीत, करवंदाची जाळी नाही. पाखरांनी खायचं काय?

कुळागरवाला:
रानवाटा, तुम्ही कधी डंपावर झाड लावलंय? मी लावलीत. भिरंडीची, म्हणजे कोकमाची, रोपं मार्चमध्ये करपली. त्या खडीत अकेशियाच टिकतो, मुळांच्या गाठींतून जमिनीला नायट्रोजन देतो. आधी सावली होऊ दे, मग माट्टी.

रानवाटा:
‘मग’ कधी? वीस वर्षं होऊन गेली तरी आमच्याकडे अकेशियाच आहे. लावणारे फोटो काढून गेले, विरळणी करायला कोणी फिरकलं नाही.

कुळागरवाला:
विरळणी व्हायला हवी होती, हे मान्य. पण तो दोष माणसांचा. झाडाला शिव्या कशाला?

टिपरवाला:
तुमची झाडांची भांडणं चालू द्या. मी २०१० साली कर्ज काढून ट्रक घेतला. तेव्हा वर्षाला पाच कोटी टन माल बाहेर जात होता, बँका बोलावून कर्ज देत होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, सगळं बंद. ट्रक अंगणात, हप्ते डोक्यावर. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केल्या, तेव्हा बायकोचे दागिने मोडून झाले होते. शांतता हवी म्हणणाऱ्यांनी खाणींवर पोट असलेल्यांच्या घरातली शांतताही बघावी.

वाळवंटीकाठ:
टिपरवाला बाब, तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण तेच ट्रक धावत होते तेव्हा सोनशी गावात माणसं धुळीत जेवत होती. २०१७ मध्ये त्यांनी ट्रक अडवले तर त्यांनाच अटक झाली. शिरगावात पिट खोल गेले, पाणी उपसलं आणि गावच्या विहिरी आटल्या. त्यांना कुठली भरपाई?

टिपरवाला:
धूळ माझ्या पोरांनीही खाल्ली, ताई. ट्रकवाला काय महालात राहतो? अडवायचं तर मालकांना अडवायचं होतं. कर्जवाला ड्रायव्हर सगळ्यांना सापडतो.

वाळवंटीकाठ:
हे मात्र बरोबर बोललात.

पर्वरीकर:
‘उगाच बोंब’ हे शब्द मी काढून टाकतो. फोटो ठेवणार, तेवढा हक्क मला आहे.

वाळवंटीकाठ:
ठेवा. फक्त एक करा. खाली लिहा की तिथे आधी खाण होती, आणि डंपांखालच्या कितीतरी शेतांत गाळ अजून तसाच आहे. खाणींची झळ बसलेल्या गावांसाठीच्या जिल्हा खनिज निधीत पैसा पडून आहे म्हणतात ना सगळे? मग आधी त्या शेतांतला गाळ काढा. अकेशियाचं नंतर बघू.

रानवाटा:
नंतर नको. दोन्ही एकदम.