मांजराची नजर एकाएकी गेली तर आधी रक्तदाब मोजून घ्या

तुम्ही लिहिलंय की तुमची १३ वर्षांची मांजर मनी कालपासून भिंतींवर आपटतेय, आणि वरच्या उत्तरांत दोघांनी मोतीबिंदू म्हणून डोळ्यांत थेंब घालायला सांगितलंय. कृपया थेंबांत वेळ घालवू नका. मोतीबिंदू एका रात्रीत येत नाही, आणि मांजरांत तो तसा कमीच आढळतो. म्हाताऱ्या मांजराचं असं झालं की पहिला संशय रक्तदाबाचा. मूत्रपिंड किंवा थायरॉइड बिघडलं की दाब चढतो आणि डोळ्यातला पडदा (रेटिना) सुटतो.

आमच्या बोक्याचं हेच झालं होतं. भर उन्हात खिडकीत बसला तरी बाहुल्या इतक्या पसरलेल्या, की हिरवा रंग कडेला रेघेएवढा उरलेला. मिशा भिंतीला घासत चालायचा.

आजच डॉक्टरांकडे न्या आणि दाब मोजायचा आग्रह धरा. पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून मोजतात, दुखत नाही. वरचा आकडा १६० च्या पुढे म्हणजे जास्त, १८० च्या पुढे तर डोळ्यांना मोठा धोका. दाब उतरवायला बहुतेकदा अ‍ॅम्लोडिपिन देतात. पण घरातल्या माणसांची गोळी मोडून देऊ नका. लवकर दाब उतरला तर पडदा पुन्हा बसू शकतो, थोडीफार नजरही येते.

एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मांजरांचा पडदा कायमचा खराब होऊ शकतो.

आणि तोवर तिची वाटी, शी-शूचा ट्रे जागचे हलवू नका.