वेंधळे कप्तान, गळकी यानं आणि मंगळावरची जकात : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
काल सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी अंतराळवीर शुभांशु शुक्लांचा जुना व्हिडिओ परत टाकला, तेच ते, २०२५ च्या जूनमध्ये स्पेस स्टेशनवर जाताना गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता ते. सगळे अंगठे दाखवून मोकळे झाले आणि मला एकदम आमच्या नारायण पेठेतल्या घरातलं एक पुस्तक आठवलं. पहिली पानं गायब, कव्हर गायब, त्यामुळे नाव आजतागायत माहीत नाही. समासात कुणीतरी पेन्सिलीने भागाकार केलेले, तेही चुकीचे. गोष्ट अशी की यान मंगळाकडे निघालंय, कप्तान मिशीवाला आणि भयंकर भित्रा, आणि आचारी भजी तळायला बसतो. मध्येच इंजिन बंद पडतं, वजन जातं, आणि कढईतलं तेल गोळे होऊन यानभर तरंगायला लागतं. कप्तान चहाची गाळणी घेऊन त्यामागे धावतोय, शास्त्रज्ञ आचाऱ्यावर ओरडतोय, आचारी म्हणतो आधी सांगायचं ना बंद पाडणार म्हणून, मी कढई ठेवलीच नसती. शेवटी मंगळावर उतरतात तर तिथला माणूस (माणूस म्हणजे हिरवाच) वही काढून कोथिंबिरीवर जकात मागतो.

मोठेपणी गंभीर विज्ञानकथा खूप वाचल्या, काही फार चांगल्या होत्या, पण त्यातलं एक यान मला आठवत असेल तर शपथ. ही कढई मात्र आठवते. का बरं? तुम्हाला असं कुठलं येडपट यान आठवतं का? लिहा. कुणाला हे पुस्तक ओळखू आलं तर फारच उत्तम.

पेठेतला_परग्रहवासी
जकातवालं मी वाचलंय!!! पुस्तक नाही हो, कुठल्यातरी दिवाळी अंकात होतं. पण आमच्या वेळी कोथिंबीर नव्हती, लोणच्याची बरणी होती. आचारी मात्र होता. आमचे आजोबा ती गोष्ट मोठ्याने वाचायचे आणि जकात नाक्याचा प्रसंग आला की स्वतःच हसून थांबायचे, ते जन्मभर माल आणायचे ना मार्केट यार्डात, त्यामुळे त्यांना ते फारच लागू पडायचं.

मंदाकाकू_शनिवारवाडा
मी पुस्तक वगैरे नाही सांगणार, आम्ही जगलोय. स्कायलॅब, ते अमेरिकेचं अंतराळस्थानक वरून कोसळत होतं ना, तेव्हा! जुलै १९७९. आमच्या वाड्यात निम्मी मंडळी रात्री अंगणात झोपायची, घर अंगावर पडायला नको म्हणून, आणि निम्मी घरात, आकाश अंगावर पडायला नको म्हणून. त्यावरून भांडणं. माझी आजी डोक्यावर पाट धरून संडासला जायची, संडास वाड्याच्या मागे होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांनी म्हणे आता काय राहिलंय म्हणून उधारीवर श्रीखंड आणलं आणि मग ती पडली ऑस्ट्रेलियात आणि उधारी राहिली इथे. कुकर झाला, येते.

हिंजवडी_फेज_तीन
काकू _/\_ श्रीखंड अशक्य!
यावर एक खरी गोष्ट. तुकडे पडले तिथे एस्परन्स नावाचं गाव आहे, तिथल्या स्थानिक संस्थेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला, गमतीतच. नासाने भरला नाही. मग २००९ मध्ये एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून भरला.

मंदाकाकू_शनिवारवाडा
पुण्यात पडली असती तर आधी हद्द कुणाची यावर ३ वर्षं गेली असती.

बसमधला_मी
कंपनीच्या बसमध्ये आहे, वाकडच्या पुलाखाली अडकलोय त्यामुळे वेळच वेळ आहे. मला या जुन्या गोष्टी का आवडतात सांगतो, त्यात यान बिघडलं की कुणीतरी पाना घेऊन सरळ आत शिरतो. आता माझ्या कामात काही बिघडलं की आधी तक्रारीचं तिकीट काढा, मग कॉल, मग कॉलवर ११ जण, त्यातले ९ म्यूटवर. आणि त्या यानात कसं, जेमतेम तिघंचौघं, सगळे एकमेकांना वैतागलेले, एकाला कुत्रं आणायचंच असतं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या चंद्राच्या गोष्टीत नाही का, १८७० च्या सुमाराचं पुस्तक, तोफेच्या गोळ्यात बसून तीन माणसं निघतात आणि बरोबर कुत्री नि कोंबड्या. त्यातलं सॅटेलाइट नावाचं कुत्रं दणक्याने जखमी होऊन मरतं, बिचाऱ्याला खिडकीतून बाहेर टाकतात, आणि ते जातच नाही! गोळ्याच्या बाजूने आपलं चाललंय सोबत. मी पाचवीत भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे व्हर्न वाचायला लागलो, तेव्हा हे वाचून आधी हसलो मग रात्री घाबरलो मग परत हसलो. बाहेर टाकलेली वस्तू आपल्याच वेगाने सोबत येते हे मला भौतिकशास्त्राच्या सरांनी नाही, त्या कुत्र्याने शिकवलं. बस हलली.

तर्कट
मला यात फक्त बालपणाच्या आठवणींचा गोडवा दिसतोय. सॉरी. विज्ञान सगळं चुकीचं, बाया एकतर नाहीतच किंवा किंचाळायला, आणि परग्रहावरचे सगळे लोक आपली भाषा बोलतात. आज कुणी असं नवीन लिहिलं तर तुम्ही वाचाल का?

नववी_ब_च_बाई
वाचू! आणि चुकीचं विज्ञान तर मला हवंच असतं, मी ते वर्गात वापरते. व्हर्नची तोफ ९०० फुटांची, फ्लोरिडात जमिनीत उभी गाडलेली, गोळ्याचा वेग सेकंदाला ११ किलोमीटर. मुलांना म्हणते करा गणित, आत बसलेल्यांचं काय होईल. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येतं गुरुत्वाच्या वीस हजार पटीहून जास्त. म्हणजे कप्तान, कुत्रं, कोंबड्या सगळ्यांचं थालीपीठ. (व्हर्नला दणका बसणार हे कळत होतं, त्याने खाली पाण्याची गादी दिली होती, पण ती काय पुरणारे.) एरवी ज्या पोरांना सूत्र लिहायला सांगितलं की पोटात दुखतं ती पोरं त्या दिवशी डबा खायचा सोडून भांडत होती की तोफ किती लांब केली तर कोंबडी तरी वाचेल. गंभीर, बिनचूक गोष्टीत चूक काढायला जागाच नसते हो, मुलं नुसती मान डोलावतात.
बायांचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. आमच्या मुली आता स्वतःच कप्तान होतात, मुलांना कोंबड्या करतात.

तर्कट
थालीपीठाला दाद द्यावीच लागेल. पण मत कायम.

ढेपेवाडा
तर्कटराव, मत कायम ठेवायला पुण्यात परवानगी लागत नाही.

सॅम_कोथरूड
टिनटिनचं कॉमिक कुणी कसं नाही काढलं अजून??? कप्तान हॅडॉक! चंद्रावर निघालेत आणि याने खगोलशास्त्राचं जाडजूड पुस्तक आतून कोरून त्यात बाटली लपवलीये. ग्लासात ओततो आणि नेमकं इंजिन बंद, दारूचा गोळा होऊन हवेत, आणि हा त्याच्या मागे. धागाकर्तीच्या तेलाच्या गोळ्याचं मूळ तिथे असेल का? ते १९५० च्या दशकातलं, गागारिन जायच्या आधीचं, म्हणजे माणूस वर जायच्या आधी त्याची दारू वर जाऊन तिचं काय होईल हे चित्र काढून झालं होतं.

धागाकर्ती
सॅम, असेलही! पण भजी आपलीच.

खडकीची_लेक
जरा वेगळं लिहिते. बाबा ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, बायपास झाला मागच्या महिन्यात. वॉर्डात आणल्यावर पेपर नको, टीव्ही नको, कुणी भेटायला नको. भाऊ अध्यात्मिक पुस्तकं घेऊन आला, ती तशीच. मग मी मोबाईलवर बालभारतीच्या साइटवरचे किशोरचे जुने अंक काढले, त्यात अंतराळाची एक विनोदी गोष्ट मिळाली, ती वाचून दाखवली. हसले. टाके दुखतात म्हणून छातीवर उशी दाबून धरायला दिली होती ती दाबून हसत होते आणि मला म्हणत होते थांब गं थांब, आणि थांबले की पुढे काय म्हणून विचारत होते. शेजारच्या कॉटवरचे आजोबा म्हणाले जरा मोठ्याने वाचा. सिस्टर येऊन ओरडून गेली आणि मग दाराशी उभी राहून तिनेही ऐकलं. मला वाटतं त्या गोष्टीत कुणी मरणार नाही हे पहिल्या ओळीपासून माहीत असतं. त्यांना तेव्हा तेच हवं होतं.

मंदाकाकू_शनिवारवाडा
बाळा बाबांना जप. मुगाचं कढण देतेस ना? मीठ बेताचं.

बसमधला_मी
लवकर बरे होऊदेत काका. नंतर त्यांना ल्युसियनची गोष्ट वाचून दाखवा, सोपं भाषांतर मिळालं तर. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक, म्हणजे आपल्याकडे सातवाहन होते तेव्हा. सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी जे सांगणारे त्यातला शब्दही खरा नाही. मग त्याचं जहाज वावटळीत सापडून वर उडतं, चंद्रावर जातं, तिथे चंद्राचा राजा नि सूर्याचा राजा शुक्रावर वस्ती करण्यावरून लढतायत. प्लॉटचीच भानगड!

खडकीची_लेक
काकू देते कढण. सगळ्यांना थँक्यू, रडवू नका आता.

आयुकाच्या_कुंपणाबाहेर
नारळीकर सरांची आठवण. सही मागितली की सर म्हणायचे सही नाही, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर सहीसकट येईल. मी सातवीत असताना प्रश्न पाठवला होता की परग्रहावरच्या लोकांना विनोद कळेल का. उत्तर आलं. काय आलं ते सांगणार नाही, ते कार्ड माझं आहे. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी पहिली गोष्ट नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती हे माहितीये ना? स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. एवढा मोठा शास्त्रज्ञ टोपणनाव घेऊन स्पर्धेत उतरतो हीच मला विनोदी अवकाशकथा वाटते.

पेठेतला_परग्रहवासी
कार्डाचा फोटो टाका की राव.

आयुकाच्या_कुंपणाबाहेर
नाही.

स्टारडस्ट_बिबवेवाडी
दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं ते कुणाला आठवतं? आम्ही भावंडं नंतर गॅलरीत तेच खेळायचो, बंबाचं झाकण म्हणजे यानाचं दार. त्यातल्या डॉक्टरची काही उपकरणं म्हणजे चक्क मिठाच्या डब्या होत्या, शूटिंगसाठी आणलेल्या आणि मग ऑपरेशनला वापरलेल्या! हे कळलं तेव्हा मला सिरियल दुप्पट आवडली. आताच्या कोट्यवधींच्या ग्राफिक्समध्ये कुठली वस्तू स्वयंपाकघरातून आणलीये ते शोधायची मजाच नाही.

हिंजवडी_फेज_तीन
खऱ्या अंतराळातही असलेच नमुने असतात. अमेरिकन अंतराळवीर जॉन यंगने १९६५ मध्ये जेमिनी ३ यानात सूटच्या खिशातून मांसाचं सँडविच लपवून नेलं, चावा घेतला तर पावाचा चुरा उडायला लागला, परत खिशात. अमेरिकन संसदेच्या समितीपुढे विषय निघाला! आणि दुसरा अंतराळवीर ॲलन शेपर्ड १९७१ मध्ये चंद्रावर गोल्फ खेळला, म्हणाला चेंडू मैलोनमैल गेला. नंतर फोटोंवरून मोजलं तर जेमतेम ४० यार्ड.

ढेपेवाडा
४० यार्डांचं मैलोनमैल म्हणजे हा नक्की आमच्या पर्वतीवर फिरायला येणाऱ्या ग्रुपमधला.

मंदाकाकू_शनिवारवाडा
चुरा होतो म्हणून ते पोळीसारखं काहीतरी खातात ना आता? मग आपली घडीची पोळी का नाही नेत? धिरडं तरी.

नववी_ब_च_बाई
हो काकू, टॉर्टिया नेतात, चुरा होत नाही म्हणून.

पेठेतला_परग्रहवासी
धागाकर्ती, ते पुस्तक अजून आहे का घरात? भागाकाराच्या पानाचा फोटो टाका, टाइपावरून कुणीतरी प्रेस ओळखेल.

धागाकर्ती
घर पुनर्विकासात गेलं, पुस्तकं रद्दीत कुणी दिली यावर आमच्याकडे अजून मतभेद आहेत. अप्पा बळवंत चौकात आणि फुटपाथवर दरवर्षी विचारते, दुकानदार नाव विचारतात, मी कढई सांगते, ते पाककलेची पुस्तकं दाखवतात.

जुने_अंक_डेक्कन
आमच्याकडे सासऱ्यांनी जमवलेले जुने दिवाळी अंक आहेत, नवलचेही बरेच. द्यायचेत, पैसे नकोत. शोधणारीने स्वतः येऊन चाळावेत. तिसरा मजला, लिफ्ट बंद, पिशव्या आणि सुतळी आपली आणावी. पानं सुटी झालेत, ओलं बोट लावून उलटू नयेत.

पेठेतला_परग्रहवासी
मीपण येतो. रविवारी चालेल?

जुने_अंक_डेक्कन
रविवारी सत्यनारायण आहे. आलात तर प्रसाद मिळेल, अंक सोमवारी.