शिलाई शिकायची आहे, आधी काय काय आणू?

चिंचवडची_सून: सासूबाईंची काळी पायमशीन माळ्यावरून उतरवली. पट्टा नवीन घातला, चालते. मला मात्र बटण लावण्यापलीकडे काही येत नाही. ऑनलाइन शिवणकामाचा भरगच्च डबा मिळतोय, घेऊ का? शिंपीदादा कायम पुढची तारीख देतात, म्हणून ब्लाउजपासूनच सुरुवात करावी म्हणते.

मालू_मावशी: डबा राहू दे गं. त्यातल्या रंगीत रिळांचा दोरा बहुधा कच्चा असतो, मशीनवर टिकत नाही. ते पैसे कात्रीत घाल. 9-10 इंची चांगली कात्री घे आणि ती फक्त कापडाला. माझी मी कुलपात ठेवते, नाहीतर आमच्याकडे तिने दुधाच्या पिशव्या कापतात! बाकी टेप, खडू, टाचण्या, उसवायला सीम रिपर, काळा-पांढरा दोरा, थोड्या जादा बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं). सुया 14 नंबरच्या. साध्या सुती कापडाला त्या पुरतात. व्हॉइलसारख्या तलम कापडाला 11, जीन्सला 16.

सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा त्याच बाजूने ओवायचा, उलट बसवलीस तर टीपच पडणार नाही. पहिले काही दिवस दोरा ओवूच नकोस. वहीचा रेघी कागद घेऊन रेघेवरून सुई चालव. चाक आपल्याकडेच फिरलं पाहिजे. पायाला ते वळण लागेपर्यंत कापडाला हात लावू नकोस. नंतर कागदाची सुई काढून नवी घाल, कागदावर ती बोथट होते.

ब्लाउज आत्ता नको. मुंढा (बाही जोडतात ती जागा), बाही, कटोरी (छातीवरचा गोल तुकडा), सगळी गोलाई. दोन मीटर मांजरपाट आण, भिजवून वाळवून इस्त्री कर (सुती कापड आटतं), त्याची पिशवी, मग उशीचा अभ्रा, मग परकर. परकरात लांब टिपा, नेफा (नाडी ओवायची पट्टी) आणि खालची दुमड, तिन्हींवर हात बसतो.

वऱ्हाडी_टाका: तेल मशीनचंच घाला. आमच्याकडे खोबरेल घालायचे, ते आत चिकट होऊन मशीन जड होते.

चिंचवडची_सून: मावशी, कागद जमला! आता कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता होतोय. बॉबिन बिघडली का?

मालू_मावशी: गुंता खाली दिसला तरी खोट बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचल, मगच दोरा ओव. फूट खाली असला की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही. शिवायला घेताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेव. एवढं करूनही गुंता झाला तर बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) उघडून आतला कचरा झाड.

आणि सामानासाठी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत जा. तुळशीबागेत शिरलीस तर लेसच घेऊन येशील.